किबोर्डवर बो कुठून आणायचा?

वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या बहुतेक पत्रांत एकच अडचण आहे. घरच्या संगणकावर सॅम्पल लायब्ररीतून (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुट्या सुरांच्या संग्रहातून) स्ट्रिंग सेक्शन, म्हणजे व्हायोलिन-चेलोंचा ताफा, उभा केला, पण तो खरा वाटत नाही. कोणाचे सूर उशिरा येतात, कोणाचा कॉर्ड जाड होतो, कोणाचा गांधार तंबोऱ्याशी भांडतो. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : हौशी नाटकांचं पार्श्वसंगीत करतो. पैसे साठवून चांगली लायब्ररी घेतली. सुटा सूर ऐकला तर अगदी खरा वाटतो, पण सुरावट वाजवली की ऑर्गन वाजल्यासारखं होतं. लायब्ररी चुकली का? (कोल्हापूर)

उत्तर : लायब्ररी ठीक आहे. ज्या हातानं ती वाजते तो पियानोचा हात आहे. पियानोची पट्टी दाबली की सूर जन्मतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. त्याचं पुढे काय होणार हे दाबतानाच ठरून गेलेलं असतं. व्हायोलिनवर बो, म्हणजे गज, तारेला टेकलेला असेपर्यंत वादक सतत काहीतरी ठरवत असतो : दाब किती, वेग किती, घोडीपासून किती अंतरावर. तुमच्या पट्टीत यातलं काहीच नाही. ते सगळं डाव्या हाताच्या मॉड्युलेशन व्हीलवर, म्हणजे किबोर्डच्या कडेच्या चाकावर आहे.

बहुतेक लायब्रऱ्यांत लांब सुरांच्या पॅचला (पॅच म्हणजे लायब्ररीतून निवडलेला एक आवाज) पट्टी किती जोरात दाबली याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. जोर चालतो सीसी १ (किबोर्डनं संगणकाला पाठवायचा नियंत्रण-संदेश क्रमांक १) वर, म्हणजे मॉड्युलेशन व्हीलवर, ० ते १२७ या मापात. व्हील वर सरकवलं की हळुवार वाजवून रेकॉर्ड केलेल्या सॅम्पलमधून जोरात वाजवलेल्या सॅम्पलमध्ये आवाज सरकतो. त्यामुळे आवाज तर वाढतोच, शिवाय तारेवरची राळ ऐकू यायला लागते, रंग उजळतो. सीसी ११, म्हणजे एक्स्प्रेशन, फक्त आवाज कमी-जास्त करतं, रंगाला हात लावत नाही. क्रेशेंडो (हळूहळू वाढत जाणारा जोर) सीसी ११ वर काढला तर कुणीतरी टेपचा आवाज वाढवल्यासारखा वाटतो. म्हणून मुख्य काम सीसी १ वर करा आणि सीसी ११ बारीक डागडुजीला ठेवा.

एक वाक्य घेऊन पाहू. टेम्पो ७२, चार चारच्या दोन बार. पहिल्या बारमध्ये दोन-दोन मात्रांचे दोन सूर, दुसऱ्यात चार मात्रांचा एकच सूर, आणि चाल वर चढत जाणारी. पहिला सूर सुरू होण्याआधीच व्हील ४० वर आणून ठेवा. सूर सुरू झाल्यावर हलवलं तर सुरुवातीला धक्का बसतो. पहिल्या सुरात ते ५५ पर्यंत जाऊ द्या, दुसऱ्यावर जाताना ५२ पर्यंत किंचित खाली, मग दुसऱ्या सुराच्या अखेरीस ७०. लांब सुराच्या पहिल्या मात्रेत ७८ वर शिखर, तिथे अर्धी मात्रा थांबा आणि मग सावकाश खाली या. चौथी मात्रा संपताना ३० च्या आसपास पोहोचलात की पट्टी सोडा. हा क्रम महत्त्वाचा आहे. ७० वर असताना पट्टी सोडली तर सूर कापल्यासारखा तुटतो, कारण खरा वादक बो उचलण्याआधी तो हलका करतो.

आता यातली मेख. वर-खाली हलवायचं कळलं की नव्यानं शिकणारा प्रत्येक सुराला सारखाच फुगा देतो आणि ऐकणाऱ्याला बोट लागल्यासारखं होतं. चढ-उतार वाक्याचा हवा, सुराचा नंतर. हा आलेख माऊसनं काढू नका. सुरावट वाजती ठेवा, तोंडानं गुणगुणा आणि त्याबरोबर व्हील एका दमात फिरवा. न जमलं तर पुन्हा पूर्ण घ्या. माऊसनं काढलेली सरळ रेघ कानाला लगेच कळते.

बोची लांबी मर्यादित असते, हेही लक्षात ठेवा. जोरात वाजवताना एक बो दोन-चार सेकंदांत संपतो, अगदी हलक्या वादनात आठ-दहा सेकंद पुरतो. सेक्शनमधले वादक आपापल्या वेळी बो फिरवून सूर अखंड ठेवू शकतात, पण सोलो व्हायोलिनला बारा सेकंदांचा एकसलग फोर्टे (जोरदार) सूर दिलात तर ऐकणाऱ्याचाच श्वास कोंडतो.

प्रश्न : लेगाटो (सूर सलग जोडून वाजवणारा) पॅच वापरला की सगळे सूर तालाच्या मागे पडतात. क्वांटाइझ (संगणकानं सूर ठोक्यावर बसवणं) केलं की आणखी मागे वाटतात. (नाशिक)

उत्तर : क्वांटाइझनं पट्टी ठोक्यावर आणली, सूर नाही. खऱ्या लेगाटो पॅचमध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर जातानाचा प्रवासही रेकॉर्ड केलेला असतो : बोट सरकणं, तार बदलणं. तुम्ही दुसरी पट्टी दाबता तेव्हा आधी तो प्रवास वाजतो आणि मग मुक्कामाचा सूर लागतो. हा प्रवास कापून टाकला तर लेगाटोत उरतं काय?

किती उशीर होतो हे लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्जचं उदाहरण घ्या. तिथे पट्टी हळू दाबली तर सुमारे ३३३ मिलिसेकंदांचा सावकाश लेगाटो मिळतो, मध्यम दाबली तर २५० चा, जोरात दाबली तर १०० चा. म्हणजे इथे व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली याचा आकडा) आवाजाचा जोर ठरवत नाही, प्रवासाचा वेग ठरवते. टेम्पो ९० असेल तर एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची. ३३३ म्हणजे सरळसरळ अर्धी मात्रा उशीर! तुम्हाला मागे वाटतं ते उगाच नाही. (कोणत्याही टेम्पोचा हिशेब : ६०,००० भागिले टेम्पो, म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद.)

उपाय थोडा कष्टाचा आहे. सुरावट आधी साध्या सस्टेन (लांब सुरांच्या) पॅचवर किंवा पियानोवर तालात वाजवून घ्या आणि त्याची एक प्रत जपून ठेवा. नोटेशन काढायचं झालं तर तीच लागेल. दुसऱ्या प्रतीवर लेगाटो पॅच लावा. कुठला सूर सावकाश हवा, कुठला चटकन, ते ठरवून व्हेलॉसिटी बदला. मग सावकाश सूर ३३३, मध्यम २५० आणि जलद १०० मिलिसेकंद आधी सरकवा. वाक्याचा पहिला सूर वेगळा, कारण तो कुठून येत नाही, त्याला प्रवास नाही. तो ४० ते ६० मिलिसेकंद एवढाच आधी घ्या आणि कानानं पक्का करा.

सरकवताना दोन सूर एकमेकांवर थोडे चढलेले राहतील हे पाहा. मध्ये फट पडली की पॅचला वाटतं वादकानं नवा बो घेतला. हीच फट मुद्दाम ठेवली, २० ते ५० मिलिसेकंदांची, तर वाक्याच्या मधोमध बो बदलल्याचा छान भास होतो. सस्टेन पेडलला मात्र पाय लावू नका. पियानोची सवय असलेल्यांकडून हे नकळत होतं, आणि कित्येक पॅच पेडलचा अर्थ वेगळाच लावतात.

आखूड सुरांना, म्हणजे स्पिकाटो-स्टकाटोला, वेगळा ट्रॅक द्या. त्यांचा उशीर वेगळा आणि साधारण एकसारखा असतो, म्हणून ट्रॅक डिलेमध्ये (पूर्ण ट्रॅक मागे-पुढे सरकवण्याच्या सोयीत) उणे आकडा टाकला की काम होतं. लांब आणि आखूड सूर कीस्विचनं (वादनाचा प्रकार बदलणाऱ्या पट्टीनं) एकाच ट्रॅकवर ठेवले तर एका आकड्यात दोन्हींचं समाधान होत नाही.

प्रश्न : स्पिकाटोचे सोळा सूर एकाच पट्टीवर वाजवले की मशीनगन वाटते. (अमरावती)

उत्तर : राउंड रॉबिन चालू आहे का पाहा. त्यात एकाच सुराची तीन-चार वेगळी सॅम्पल आळीपाळीनं वाजतात. ती कमी असतील तर शेजारच्या सुराचं सॅम्पल उसनं घेण्याची सोय बऱ्याच लायब्रऱ्यांत असते. त्याहून मोठा फरक पडतो तो व्हेलॉसिटीनं : ठोक्यावरचा सूर ९५, पुढचे ७२, ८०, ६८ असं काहीतरी. बो खाली ओढताना जड पडतो आणि वर नेताना हलका, एवढं ध्यानात ठेवलंत तरी पुरे. क्वांटाइझ शंभर टक्के करू नका, साठ-सत्तर ठेवा.

प्रश्न : उजव्या हातानं चार सुरांचा कॉर्ड, डाव्यानं बास, असं स्ट्रिंग पॅचवर वाजवतो. आवाज भरपूर येतो, पण अकॉर्डियनसारखा जाड वाटतो. जुन्या हिंदी गाण्यांतली व्हायोलिनं किती मोकळी वाटतात! (म्हापसा)

उत्तर : मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात साधारण १६ पहिली व्हायोलिनं, १४ दुसरी, १२ व्हियोला, १० चेलो आणि ८ डबल बास असतात. तुमच्या पॅचमध्ये सोळा व्हायोलिनं असतील आणि तुम्ही चार सुरांचा कॉर्ड दाबला, तर प्रत्येक सुरावर सोळा, एकूण चौसष्ट व्हायोलिनं वाजली. खऱ्या सेक्शनला चार सूर दिले तर ते चार-चारांत वाटले जातात आणि आवाज बारीक, पारदर्शक होतो. जाडपणा येतो तो इथून.

पाच वेगळे ट्रॅक करा आणि प्रत्येक वाद्याला एका वेळी एकच सूर द्या. डबल बास आणि चेलो एका सप्तकाच्या अंतरानं एकच चाल वाजवू देत. त्यांच्या वर जागा सोडा : चेलो आणि व्हियोला यांच्यात पाचवा-सहावा सूर जाईल एवढं अंतर चालतं, वर जाल तसे सूर जवळ आणा. कॉर्डचा तिसरा सूर (पाया सा धरला तर ग) खालच्या सप्तकात ठेवलात तर गढूळपणा ठरलेलाच.

वाद्यांची हद्द पाळा. व्हायोलिनची सर्वांत खालची तार म्हणजे मधल्या सी च्या खालचा जी, मिडी क्रमांक (संगणकातला सुराचा अनुक्रमांक) ५५. व्हियोला ४८, चेलो ३६, डबल बास २८. आवाज या आकड्यापर्यंत पोहोचतो म्हणून तिथे राहू नका. खुल्या तारेवर बोट हलवून कंपन (व्हायब्रेटो) देता येत नाही, म्हणून त्या एका सुराचा रंग इतरांपेक्षा कोरडा लागतो.

जुन्या गाण्यांबद्दल. त्या ध्वनीमागे गोव्याचे वादक आणि अरेंजर मोठ्या संख्येनं होते, हे म्हापशाच्या वाचकाला आम्ही सांगायला नको. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य नोटेशन शिकून ते मुंबईत आले. शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षं अरेंजमेंट लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचेच, आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विसही. त्या स्ट्रिंग्जमध्ये कितीदा तरी कॉर्ड नसतोच. अख्खा व्हायोलिन ताफा एकाच सुरावटीवर असतो, फार तर एक सप्तक खाली दुसरी फळी. मोकळेपणा तिथून येतो. तुमच्या पुढच्या गाण्यात डावा हात काढून घ्या आणि फक्त एक ओळ लिहा, सप्तकात दुहेरी करून.

पण इथे एक खड्डा आहे. पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनांना एकच पॅच लावून एकाच सुरात वाजवलं तर तंतोतंत तीच सॅम्पल एकमेकांवर पडतात आणि आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. दुसऱ्या ट्रॅकवरचे सगळे सूर दोन अर्धस्वर वर न्या आणि प्लेयरमध्ये त्याच वाद्याचं ट्यूनिंग दोन अर्धस्वर खाली करा. सूर तोच ऐकू येईल, पण वाजेल शेजारच्या पट्टीचं सॅम्पल. पोकळपणा जातो. सर्वांत वरचे दोन सूर मात्र हद्दीबाहेर जातात, तेवढं सांभाळा.

प्रश्न : भावगीतात तंबोरा आणि स्वरमंडळ खरं आहे, मागे स्ट्रिंग्ज सॅम्पलच्या. गायिकेनं गांधार लावला की स्ट्रिंग्ज बेसूर वाटतात. शिवाय मींड काढता येत नाही. (पुणे)

उत्तर : स्ट्रिंग्ज बेसूर नाहीत, त्या पियानोच्या सुरात आहेत. समान वाटणीच्या सप्तकात शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंट (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) वर असतो. तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गांधार ३८६ वर. गायिका तंबोऱ्याचं ऐकते, तुमची व्हायोलिनं संगणकाचं. हे १४ सेंट हळू लयीत चांगलेच बोचतात.

पिच बेंडची (सूर वर-खाली ओढणाऱ्या नियंत्रणाची) रेंज दोन अर्धस्वर असेल तर २०० सेंटसाठी ८१९२ एकक, म्हणजे एका सेंटला सुमारे ४१. गांधारावर बेंड उणे ५६० ठेवा. शुद्ध धैवतावर उणे ६४०, शुद्ध निषादावर उणे ४८०, आणि कोमल गांधार असेल तर उलट, अधिक ६४०. पंचमाला हात लावायची गरज नाही. गायिकेचा षड्ज काळी पाच असेल तर गांधार पांढरी दोनवर येतो. त्या पट्टीचा सूर आला की बेंड खाली, गेला की शून्यावर. बेंड पूर्ण चॅनलला लागतो, म्हणून एका ट्रॅकवर एकच सूर हवा. हे आकडे म्हणजे पहिली खूण. राग आणि गायिकेचं लावणं यांप्रमाणे पाच-सात सेंट इकडे-तिकडे होतील, आणि तिथे कान सांगेल तेच खरं. सगळ्यांत आधी मात्र तंबोरा स्वतः कुठे लागला आहे ते मोजून त्यानुसार लायब्ररीचं मुख्य ट्यूनिंग जुळवा.

मींडेचं दुखणं खोल आहे. सॅम्पल ताणलं की सुराबरोबर लाकडी पेटीची गुंजही सरकते, आणि कंपनाचा वेगसुद्धा. तीन अर्धस्वर वर ताणलं तर कंपन सुमारे १९ टक्के जलद होतं, व्हायोलिन घाबरल्यासारखं वाटतं. एका अर्धस्वरापर्यंत बेंड खपतो, दोनपर्यंत जपून. त्यापुढे लायब्ररीतला रेकॉर्ड केलेला पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) वापरा. बहुतेक ठिकाणी तो अगदी हलक्या व्हेलॉसिटीवर मिळतो. षड्ज-मध्यमासारखी मोठी मींड असेल तर पोर्टामेंटोनं गांधारापर्यंत जा आणि शेवटचा टप्पा बेंडनं पूर्ण करा. बेंड सरळ रेघेत नको, पोहोचताना मंदावणारा हवा.

सोलो व्हायोलिनसाठी ऑडिओ मॉडेलिंगचं स्वॉम हा वेगळा मार्ग आहे. त्यात सॅम्पलच नाहीत, तार आणि बो यांचं गणित चालतं, त्यामुळे कितीही लांब मींड फाटत नाही. रंग मात्र थोडा कोरा लागतो. आमच्या मते मींडप्रधान ओळ स्वॉमवर आणि मागचा पडदा सॅम्पलचा, ही वाटणी भावगीताला उत्तम.

प्रश्न : आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. चार ट्रॅक झाले की कडकड आवाज येतो. फुकटात काही मिळेल का? (सोलापूर)

उत्तर : बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर घ्या. काहीशे एमबीत पूर्ण ऑर्केस्ट्रा येतो. लांब सूर, स्पिकाटो, पिझिकाटो (बोटानं छेडलेले सूर), ट्रेमोलो (थरथरते सूर) आहेत. व्हीएससीओ २ ची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे, ती प्लोगच्या स्फोर्झांदो या फुकट प्लेयरमध्ये चालते. वाजवताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ किंवा २५६ ठेवा आणि मिक्स करताना १०२४. ४८ किलोहर्ट्झवर १२८ म्हणजे २.७ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २१. कडकड येते ती बहुधा छोट्या बफरमुळे किंवा फिरत्या हार्डडिस्कमुळे. सॅम्पल एसएसडीवर हलवा, झालेला ट्रॅक फ्रीझ करा (तयार आवाजात बदला), न वापरलेली सॅम्पल पर्ज करा (मेमरीतून काढा).

प्रश्न : व्हायोलिन एका कंपनीचं, चेलो दुसऱ्या. रिव्हर्ब (खोलीची गुंज) कितीही टाकला तरी दोघं एका खोलीत बसल्यासारखे वाटत नाहीत. (डोंबिवली)

उत्तर : कारण दोन खोल्या आधीच आवाजात आहेत. स्पिटफायरच्या सिम्फॉनिक स्ट्रिंग्ज लंडनच्या एअर स्टुडिओतल्या लिंडहर्स्ट हॉलमध्ये रेकॉर्ड झाल्या, तिथली गुंज त्यांच्या अंगातच आहे. व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीचे जुने संच मुद्दाम कोरड्या जागेत घेतलेले आहेत. ओल्या, म्हणजे गुंज असलेल्या, लायब्ररीवर आणखी खोली घालू नका. तिचा मुख्य माइक, म्हणजे वादकांच्या पुढे उंचावर तीन माइक टांगलेला डेक्का ट्री, तसाच ठेवा आणि जवळचे माइक थोडेच मिसळा. कोरडी लायब्ररी आधी सुरुवातीचे प्रतिध्वनी देणाऱ्या छोट्या खोलीतून काढा. मग दोन्ही एकाच शेपटीच्या (हळूहळू विरणाऱ्या गुंजेच्या) रिव्हर्बला पाठवा : लांबी १.८ ते २.२ सेकंद, प्रीडिले (गुंज सुरू होण्याआधीचा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद. रिव्हर्बमधून परत येणाऱ्या आवाजातलं १५० हर्ट्झच्या खालचं आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचं कापा.

आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. चेलो व्हायोलिनांपेक्षा तीन मीटर मागे बसवायचा असेल तर त्याच्या कोरड्या ट्रॅकला नऊ मिलिसेकंद उशीर द्या. लायब्ररी बैठकीनुसार रेकॉर्ड झालेली असेल तर पॅन नॉबला (आवाज डावी-उजवीकडे नेणाऱ्या बटणाला) हात लावू नका, वादक आधीच आपल्या खुर्चीवर आहेत.

प्रश्न : ओळखीचा एक व्हायोलिनवादक आहे. सॅम्पलवर त्याचं खरं व्हायोलिन चढवलं तर फरक पडेल का? (ठाणे)

उत्तर : फार पडेल. वर सांगितलेलं सगळं करूनही जे हाती येत नाही, ते एका खऱ्या बोमुळे येतं. बोचं घर्षण आणि वाक्यावाक्यातला निराळेपणा कानाला पटतो आणि मागची सोळा सॅम्पल व्हायोलिनं त्या एकाच्या भरवशावर खरी वाटू लागतात.

आधी त्यांना व्हायोलिन तुमच्या लायब्ररीच्या ए सुराशी लावायला सांगा, मोबाइलच्या ट्यूनरशी नाही. बो खाली कुठे, वर कुठे, हे लिहिलेलं नोटेशन द्या, ते काढायचं जपून ठेवलेल्या तालातल्या प्रतीवरून. हेडफोनमध्ये क्लिक आणि बाकीची वाद्यं मोठी, सॅम्पल व्हायोलिनं अगदी हळू. ती मोठी ठेवली तर वादक त्यांच्या कंपनाच्या मागे लागतात आणि स्वतःचा सूर डळमळतो. माइक वाद्याच्या वर एक ते दीड मीटर. जवळ घेतला तर बोची खरखर एका माणसाची वाटते, सेक्शनची नाही.

तीन टेक घ्या, पण तिन्ही सारखे नकोत. पहिला पहिल्या पोझिशनमध्ये (पोझिशन म्हणजे तारेवर डाव्या हाताची जागा), दुसरा खालच्या तारेवर वरच्या पोझिशनमध्ये, तिसऱ्याला खुर्ची हलवा आणि कंपन कमी ठेवायला सांगा. एकाच वाद्यावर, एकाच जागी, एकाच बोटांनी तीनदा वाजवलं तर आवाज जाड न होता चिकट होतो.

मिक्समध्ये खरं व्हायोलिन शून्यापासून वर आणा. ते वेगळं ऐकू यायला लागलं की तिथून दोन-तीन डेसिबल खाली घ्या. रिव्हर्ब सॅम्पलचाच, त्याच प्रमाणात. आणि प्रत्येक टेकच्या अखेरीस वादकाला शेवटचा सूर संपल्यावर बो तारेवरच दोन सेकंद स्थिर ठेवायला सांगा. चटकन उचलला तर तारेचा टणत्कार रेकॉर्ड होतो, आणि तो नेमका रिव्हर्बच्या शेपटीत वर येतो.